स्कोमर बेटावर बाबांना घेऊन जाताना

बाबांचं माझ्याकडे ब्रिटनला येण्याचं तिकीट १८ मेचं होतं आणि परतीचं २२ जुलैचं. पफिन हे रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षी वीण करायला मार्चअखेरीस बेटांवर येतात आणि जुलै संपेपर्यंत पुन्हा समुद्रावर निघून जातात. म्हणजे आमच्या हातात नऊ आठवडे होते. त्यातही तोंडात मासे धरून पिल्लांकडे येणारा पफिन पाहायचा, तर जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा हेच खरे दिवस. हा हिशोब मी जानेवारीतच, बाबांचा व्हिसा हातात पडायच्या आधी, वहीत मांडून ठेवला होता. तुमच्याकडे कोणी ठरावीक मुदतीसाठी येणार असेल तर सुरुवात इथूनच करा. आधी पक्ष्यांचं वेळापत्रक बघा, विमानाचं नंतर.

बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं तळ्याकाठी, नदीकाठी दुर्बीण घेऊन फिरले, पण कड्यावर हजारोंनी वीण करणारे समुद्रपक्षी त्यांनी कधी पाहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. आईला बोट लागते, त्यामुळे तिने आधीच सांगून टाकलं होतं की मी नातवाजवळ थांबते, तुम्ही दोघं जाऊन या.

ब्रिटनमध्ये अशी बेटं बरीच आहेत. नॉर्थम्बरलंडची फार्न बेटं मनात होती, पण आमच्या घरापासून वेल्सचा पेम्ब्रोकशर किनारा त्यामानाने जवळ, गाडीने साडेचार तास. म्हणून स्कोमर ठरलं. जेमतेम तीन चौरस किलोमीटरचं बेट, १९५९ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र. तिथली देखभाल साउथ अँड वेस्ट वेल्सचा वाइल्डलाइफ ट्रस्ट करतो. २०२५ च्या वसंतातल्या मोजणीत तिथे ४३,६२६ पफिन भरले. हा आकडा मी बाबांना फोनवर सांगितला तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पायऱ्या किती आहेत ते विचारून घे."

तेच विचारलं. उतरण्याच्या जागेपासून वर ८७ पायऱ्या आहेत, चढाच्या, आणि त्यांना दुसरी वाट नाही. वर गेल्यावर बेटाची पूर्ण फेरी साधारण साडेसहा किलोमीटर. स्वच्छतागृह बेटाच्या मधोमध, जुन्या फार्मच्या आवारात. एकदा उतरलं की परतीच्या ठरलेल्या होडीपर्यंत बेटावरच थांबायचं, कंटाळा आला किंवा पाऊस आला म्हणून लवकर परतता येत नाही. खायला काही मिळत नाही, सगळं बरोबर न्यायचं. ही सगळी माहिती बुकिंगच्या आधी घरातल्या वयस्कर माणसासमोर ठेवा आणि निर्णय त्यांनाच करू द्या. ज्यांना पायऱ्या जमणार नाहीत त्यांच्यासाठी न उतरता बेटाला वळसा घालणाऱ्या होड्याही असतात. त्यातूनही पाण्यावर बसलेले आणि उडणारे पफिन भरपूर दिसतात. मी बाबांना तो पर्याय सांगितला. त्यांनी उतरायचंच म्हटलं.

तिकिटं ऑनलाइनच काढावी लागतात. बेटावर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर उतरता येतं, सोमवारी बंद असतं (बँक हॉलिडेचा सोमवार सोडून), आणि दिवसाला साधारण अडीचशेच माणसांना उतरू देतात. मी फेब्रुवारीत बसले तेव्हा जूनमधले शनिवार-रविवार बहुतेक संपलेले होते. ५ जूनच्या, आठवड्याच्या मधल्या दिवसाच्या दोन जागा मिळाल्या. होडी आणि बेटावर उतरण्याची फी मिळून दोघांचे ऐंशी पौंडांच्या आसपास झाले. त्याच वेळी जुलैतल्या एखाद्या तारखेच्या जागाही काढून ठेवायला हव्या होत्या. मी काढल्या नाहीत. पैसे वाचवावेत असं वाटलं, आणि ते पुढे महागात पडलं.

बाबा आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या घरातला जिना मोजला. तेरा पायऱ्या. सात फेऱ्या केल्या की एक्क्याण्णव होतात, म्हणजे स्कोमरपेक्षा चार जास्त. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी जिन्यावर त्यांची पावलं ऐकू यायची. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, मग चार. मेच्या शेवटी सात पूर्ण झाल्या. उतरताना गुडघा जास्त बोलतो हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं, म्हणून आम्ही चालायची एक काठी घेतली, बावीस पौंडांची. हा सराव फार कामी आला. प्रत्यक्ष पायऱ्यांसमोर उभं राहिल्यावर त्यांच्या मनात धाकधूक नव्हती.

४ जूनला आम्ही गाडीने निघालो आणि मार्लोज गावाजवळ एका घरगुती निवासात दोन रात्रींसाठी उतरलो. संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहिला आणि माझा चेहरा पडला. वारा उत्तरेचा सांगितला होता.

हे मला आधी नीट समजलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. आपण पाऊस बघतो, ऊन बघतो. स्कोमरला बघायची ती वाऱ्याची दिशा. होडी लागते ती जागा, नॉर्थ हेवन, उत्तरेकडे उघडी आहे. उत्तरेचा वारा असला की लाटा सरळ तिथे येऊन आपटतात आणि माणसं उतरवणं धोक्याचं होतं. आकाश निळंभोर असलं तरी होडी रद्द होऊ शकते. उलट भुरभुर पाऊस असून वारा दक्षिणेचा असला तर होडी बिनघोर जाते. तिकीट काढल्यानंतर रोज अंदाज बघत बसण्यात अर्थ नाही, पण आदल्या दोन दिवसांत तापमानाच्या आधी वाऱ्याचा बाण बघा.

सकाळी संस्थेच्या पानावर सूचना होती: आज उतरणं बंद. तिकिटाचे पैसे परत मिळणार होते, आणि ते आठवड्याभरात खात्यात जमाही झाले. निवासाचे दोन रात्रींचे १७० पौंड मात्र गेले, कारण मी स्वस्त पडतं म्हणून रद्द न करता येणारं बुकिंग घेतलं होतं. या सहलीसाठी तसं बुकिंग घेऊ नका. पंधरा-वीस पौंड जास्त द्या, पण आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्या.

मला रडू येत होतं. बाबा म्हणाले, "अगं, वाऱ्यावर काय चिडायचं? इथून बेट दिसतं का बघू."

दिसतं. होडी जिथून सुटते त्या मार्टिन्स हेवनच्या धक्क्याजवळूनच डिअर पार्क नावाच्या उघड्या टेकाडावर चालत जाता येतं, आणि तिथून जॅक साउंडच्या पलीकडे स्कोमर समोर उभं असतं. जॅक साउंड ही बेट आणि किनाऱ्यामधली चिंचोळी सामुद्रधुनी. भरती-ओहोटीचं पाणी तिथून एवढ्या जोरात जातं की समुद्रात नदी वाहताना दिसावी. त्या दिवशी प्रवाह एकीकडे आणि वारा दुसरीकडे होता, आणि मधे पांढऱ्या फेसाचे पट्टे उठत होते. बाबांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही. कावळ्याच्या कुळातले लाल चोचीचे, लाल पायांचे काळेभोर चफ कड्यावरून खाली झेप घेत होते. ते बघताना होडी का रद्द झाली हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. तुमचीही होडी रद्द झाली तर लगेच गाडी वळवू नका, या टेकाडावर दोन तास काढा.

घरी आल्यावर बुकिंगचं पान उघडलं तर जुलैच्या मध्यापर्यंत सगळं भरलेलं. १५ जुलैनंतर जागा होत्या, पण तोपर्यंत पफिन कमी होत जातात, शिवाय तेव्हाही वारा फिरला असता तर बाबांच्या विमानापूर्वी तिसरी संधी मिळाली नसती. मग मी रोज सकाळी कामाला बसण्याआधी एकदा आणि रात्री एकदा ते पान बघायला लागले. लोकांचे बेत बदलतात, जागा सुटतात. बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी, १८ जूनला सकाळी पावणेसात वाजता, ३ जुलैच्या दोन जागा दिसल्या. कार्डाचा नंबर भरताना माझे हात थरथरत होते. बाबा जिन्यावर होते, चौथ्या फेरीत. मी वरूनच ओरडून सांगितलं.

२ जुलैला पुन्हा साडेचार तास गाडी, पुन्हा तोच रस्ता. या वेळी वारा नैऋत्येचा, हलका. ३ तारखेला सकाळी आठला पानावर लिहिलेलं होतं की होड्या जाणार. हे निवासातूनच बघून निघा, कारण मार्टिन्स हेवनला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. आम्हाला मिळाली नाही. तिकिटाची प्रत मी कागदावर काढून नेली होती. वाहनतळ नॅशनल ट्रस्ट या संस्थेचा आहे, सदस्यांना मोफत, बाकीच्यांना पैसे पडतात. तिथून धक्क्याकडे उतार आहे, वाटेत लॉकली लॉज नावाची छोटी इमारत लागते आणि तिथे नाव नोंदवायचं. जवळच सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, ते वापरूनच होडीत बसा. बेटावरचं स्वच्छतागृह उतरल्या उतरल्या मिळत नाही, तिथवर चालत जावं लागतं, आणि वयस्कर माणसांना याची काळजी आपण समजतो त्याहून जास्त असते. बाबांनी आदल्या रात्रीच मला हे दोनदा विचारलं होतं.

होडीत बसण्यापूर्वी पिशव्या उघडून बघायला सांगतात, आत उंदीर शिरलेला नाही ना म्हणून. बूटही स्वच्छ लागतात. आमच्या रांगेतल्या काहींना हे विचित्र वाटलं, पण यामागचं कारण फार गंभीर आहे. हे पक्षी जमिनीत, बिळात अंडी घालतात, आणि स्कोमरवर मोठे उंदीर, म्हणजे रॅट, नाहीत म्हणूनच ते इतक्या संख्येने आहेत. ब्रिस्टल चॅनलमधल्या लंडी बेटावर उंदीर माजले होते, आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथे वीसही पफिन उरले नव्हते. उंदीर पूर्ण काढल्यावर २०२३ पर्यंत तिथली संख्या हजारावर गेली. एका पिशवीतून आलेली गाभण उंदरीण स्कोमर रिकामं करू शकते. मी पिशवीची प्रत्येक चेन उघडून बघितली, डब्याच्या पिशवीसकट.

होडीचा प्रवास पंधरा मिनिटांचा. नॉर्थ हेवनमध्ये शिरताना पाण्यावर सगळीकडे पफिन होते, दहा-दहा, वीस-वीसचे पुंजके. मी फोन काढला, पण बाबांकडे बघितलं आणि परत ठेवला. ते दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. दुर्बीण गळ्यातच होती, लावायची गरज नव्हती.

उतरताना होडी वरखाली होते. होडीवरचा माणूस सांगेल तेव्हाच पाय टाकायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. हात मोकळे ठेवा, पाठीवरची पिशवी चालेल, हातातली नको. बाबांची काठी मी धरली.

मग ८७ पायऱ्या. मी मागे राहिले. त्यांनी चार ठिकाणी थांबून श्वास घेतला, मागच्या लोकांना पुढे जाऊ दिलं. साठाव्या पायरीच्या पुढे केव्हातरी एक पफिन उजवीकडच्या उतारावर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, बिळातून बाहेर आला, आमच्याकडे मान तिरकी करून बघितलं आणि परत आत गेला. बाबा तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या मनात भीती होती की पायऱ्या चढूनही पुढे चालवलं नाही तर काय. तसं होत नाही. पायऱ्यांच्या आजूबाजूलाच आणि वरच्या मोकळ्या जागेतच पफिन आहेत. कोणाला त्याच्या पुढे जाता आलं नाही तरी येणं फुकट जात नाही.

वर पोचल्यावर तिथल्या एका कर्मचारी मुलीने सगळ्यांना दहा मिनिटं माहिती दिली. मुख्य नियम एकच: पायवाट सोडायची नाही. जमीन आतून पोकळ आहे. वाटेबाहेर टाकलेला एक पाय बिळाचं छत खाली आणतो आणि आतलं अंडं किंवा पिल्लू गाडलं जातं.

आम्ही पूर्ण फेरी केली नाही. बाबांच्या चालीने, बसत-उठत, दक्षिणेकडच्या द विक नावाच्या जागी गेलो. तिथे एका बाजूला उभा काळा कडा आहे. कपारींवर गिलेमॉट, रेझरबिल आणि किटिवेक हे समुद्रपक्षी खेटून बसलेले, आवाज असा की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. गिलेमॉट घरटं बांधत नाही, उघड्या खडकावर एकच अंडं घालतो. दुसऱ्या बाजूला गवताचा उतार, तिथे पफिनची बिळं, आणि ती बिळं व पाणी यांच्या मधून जाणारी आपली पायवाट. म्हणजे पिल्लाकडे जाणाऱ्या पफिनला आपल्या पायांसमोरून वाट ओलांडावी लागते.

एक पफिन धपकन वाटेच्या कडेला उतरला. चोचीत सँडईल नावाचे सात-आठ बारीक मासे आडवे लटकत होते, चांदीच्या पट्ट्यांसारखे, दोन्ही बाजूंना. इतके मासे धरून तो पुढचा मासा कसा पकडतो हे बाबांनी मला तिथेच सांगितलं. पकडलेले मासे जिभेने टाळूवरच्या बारीक काट्यांवर दाबून धरतो, त्यामुळे चोच उघडली तरी ते सुटत नाहीत. पफिन आमच्यापासून एक पावलावर थांबला. वाटेवर एक कुटुंब उभं होतं आणि त्यांच्या पिशव्या त्याच्या रस्त्यात होत्या. वर एक कुरव घिरट्या घालत होता. हे मासे हिसकावून घ्यायला तिथे कुरव आणि जॅकडॉ हे छोटे कावळे टपलेलेच असतात, पफिन जितका वेळ उघड्यावर थांबेल तितकी त्यांची संधी वाढते. बाबांनी त्या कुटुंबाकडे बघून नुसता हात केला. त्यांनी लगेच पिशव्या उचलल्या, सगळे दोन पावलं मागे सरले. पफिन डोकं खाली घालून तुरुतुरु आमच्या बुटांसमोरून धावला आणि बिळात शिरला. जमिनीखालून घशातल्या घशात काढलेला एक लांब, खर्जातला आवाज आला. तिथे जाल तेव्हा पिशवी वाटेत ठेवू नका, आणि मासे घेतलेला पक्षी दिसला की फोटोआधी त्याला जागा द्या. मोठ्या लेन्सची गरज नाही, माझे सगळे फोटो साध्या फोनवरचे आहेत.

परतताना नेच्यात बाबांना दोन पंख दिसले. छातीच्या हाडाने जोडलेले, बाकी शरीर नाही. थोडं पुढे आणखी एक जोडी, मग आणखी. ते मँक्स शिअरवॉटर या बिळात राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांचे होते. २०१८ च्या मोजणीनुसार स्कोमरवर त्यांच्या साडेतीन लाख जोड्या आहेत, पफिनपेक्षा कितीतरी जास्त, आणि दिवसा एकही दिसत नाही. त्यांचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर नीट चालता येत नाही, मोठे काळ्या पाठीचे कुरव त्यांना सहज मारतात. म्हणून जोडीतला एक बिळात आणि दुसरा समुद्रावर, आणि बेटावर यायचं ते अंधार पडल्यावर. चांदण्या रात्री तेही टाळतात. हिवाळ्यात हेच पक्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जातात. हे सगळं बाबांना वाचून माहीत होतं. पण ते वाटेवर उभे राहून पायांखाली बघत होते. "म्हणजे आत्ता आपल्या खाली ते आहेत," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी काठी गवतात टेकवली नाही, वाटेच्या दगडावरच टेकवत आले.

जुन्या फार्मपाशी बसून आम्ही डबा खाल्ला. वारा चांगलाच गार होता, जुलै असूनही. पाण्याच्या दोन बाटल्या, एक जाड जॅकेट आणि टोपी प्रत्येकी हवीच. बेटावर आम्हाला साडेचार तास मिळाले आणि बाबांच्या चालीने ते पुरले. पूर्ण फेरी आणि निवांत बसणं, दोन्ही मात्र जमलं नसतं. पायऱ्या उतरायला आम्ही होडीच्या अर्धा तास आधी सुरुवात केली. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला, हे धरून चला.

दोन्ही खेपांचा मिळून खर्च सांगायचा तर निवासाचे साडेतीनशे, पेट्रोलचे दीडशेच्या आसपास, तिकिटांचे शेवटी एकदाचेच ऐंशी, असे पावणेसहाशे पौंडांच्या पुढे गेले. पहिली खेप फसली नसती, किंवा दुसरी तारीख आणि रद्द करता येणारी खोली मी आधीच घेतली असती, तर निदान दीडशे-पावणेदोनशे तरी वाचले असते.

रात्री खोलीवर बाबांनी गुडघ्याला बर्फ लावला आणि डायरी उघडली. ते दर वेळी पक्ष्यांची नावं आणि संख्या लिहितात. गिलेमॉट, रेझरबिल, किटिवेक, चफ, सगळं ओळीने लिहिलं. पफिनपुढे लिहिलं, मोजले नाहीत. मग थोडं थांबून शेवटची ओळ लिहिली: मँक्स शिअरवॉटर, दिसला एकही नाही, होते.